युद्धखेळासाठी प्रतिकृती हेल्मेट: रंग, झीज आणि धूळ

युद्धप्रसंग उभे करणाऱ्या खेळांसाठी प्रतिकृती हेल्मेट रंगवताना बहुतेक जण संग्रहालयातील हेल्मेट डोळ्यांसमोर ठेवतात, आणि तिथेच काम बिघडते. संग्रहालयात दिसणारा गंज, पोपडे धरलेला रंग आणि कुजलेले पट्टे ही ऐंशी वर्षे तळघरात किंवा शेतात पडून राहिल्याची खूण आहे. लढाईच्या दिवशी तेच हेल्मेट फार तर दोन-तीन वर्षांचे, पुष्कळदा काही महिन्यांचेच होते, आणि रोज कुणाच्या तरी डोक्यावर होते. म्हणून ब्रश हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: हे हेल्मेट कोणत्या भूमीवर वापरात होते, आणि त्या दिवशी त्याचे वय किती होते. रंगाची छटा, खरवडींच्या जागा आणि धुळीचा रंग या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी त्या दोन उत्तरांवरूनच ठरतात.

गोव्यात हे काम हाती घेणाऱ्याला साहित्याची फारशी अडचण पडत नाही. म्हापसा, फोंडा किंवा मडगाव येथील कोणत्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात प्रायमर, थिनर, वॉटर पेपर (पाण्यात बुडवून घासायचा सँडपेपर) आणि लांबी (पुट्टी) मिळते, आणि ज्यांनी वाड्यावरच्या मुलांबरोबर नरकासुर उभे केले आहेत किंवा शिगम्याचे चित्ररथ रंगवले आहेत, त्यांचा हात या कामाला सरावलेलाच असतो. अडचण येते ती हवामानाची आणि मातीची, आणि या दोन्हींकडे पुढे सविस्तर वळू.

आधी हेल्मेट ओळखावे

दुसऱ्या महायुद्धाच्या खेळांत तीन घराणी प्रामुख्याने दिसतात. ब्रिटिश आणि भारतीय सैन्याचे पसरट काठाचे हेल्मेट मुळात जॉन ब्रॉडी यांच्या १९१५ च्या आराखड्यातून आले. अमेरिकन एम-१ हे १९४१ मध्ये स्वीकारले गेले, आणि त्यात पोलादी कवच व आतला लायनर असे दोन सुटे भाग असतात. जर्मन हेल्मेटचे १९३५, १९४० आणि १९४२ असे तीन मुख्य नमुने आहेत. १९३५ च्या नमुन्याची कड आत वळवलेली असते, तर १९४२ च्या नमुन्याची कड न वळवता तशीच बाहेर ठेवलेली असते. एम-१ घेतले असेल तर त्याच्या काठाची जोडपट्टी पाहावी. १९४४ च्या उत्तरार्धापर्यंत पट्टीचा सांधा समोर, कपाळाच्या बाजूला असे. त्यानंतर तो मागे गेला. नॉर्मंडीच्या जून १९४४ च्या प्रसंगासाठी मागे सांधा असलेली प्रतिकृती घेतली तर जाणकार माणूस ते पहिल्या नजरेत ओळखतो, आणि मग पुढच्या रंगकामाचे कितीही कौतुक झाले तरी त्याला अर्थ उरत नाही.

गोव्यातील मंडळींना सर्वांत जवळचा प्रसंग अर्थातच डिसेंबर १९६१ चा, म्हणजे भारतीय सैन्याने गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त केल्याचा. त्या वेळी भारतीय सैन्याकडे ब्रिटिश धाटणीचेच पसरट काठाचे हेल्मेट होते, त्यामुळे महायुद्धासाठी आणलेली प्रतिकृती थोड्या फेरफाराने याही प्रसंगाला चालते. मात्र सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवण्याची घाई करू नये. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी मांडवीच्या काठी बेतीपर्यंत पोचलेली तुकडी शीख लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनची होती, आणि त्या जवानांच्या डोक्यावर पगड्या होत्या. फोंड्याच्या दिशेने आलेल्या दुसऱ्या पॅरा (मराठा) बटालियनचा प्रसंग उभा करायचा असेल, तर तोही त्या दिवसांची छायाचित्रे पाहूनच ठरवावा.

कवचाची तयारी

प्रतिकृती कशाची आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. फायबरचे कवच असेल तर त्यावर साच्यातून काढताना लावलेल्या मेणाचा पातळ थर राहिलेला असतो. तो भांडी घासायच्या साबणाने आणि कोमट पाण्याने दोनदा धुतल्याशिवाय कोणताही रंग टिकत नाही. एबीएस या कडक प्लास्टिकवर एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा) थिनर कधीही वापरू नये, कारण त्याने पृष्ठभाग मऊ पडतो आणि बारीक भेगा धरतो. त्यावर ॲक्रिलिक रंग किंवा टर्पेंटाइनने पातळ केलेले एनॅमल वापरावे. पातळ पत्र्याची प्रतिकृती दिसायला सर्वांत खरी, पण समुद्राच्या हवेत तिचा उघडा पत्रा दोन-तीन दिवसांत तांबूस पडतो, म्हणून घासून झाल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारावा.

आधी २२० आणि मग ४०० नंबरचा वॉटर पेपर वापरून पृष्ठभाग समान करून घ्यावा, साच्याच्या सांध्याची रेघ लांबीने बुजवावी, आणि वाळल्यावर पुन्हा घासावे. पत्र्यावर रेड ऑक्साइड प्रायमर मारण्याची आपल्याकडे सवय आहे आणि गंजापासून संरक्षण म्हणून तो चांगलाच आहे, पण वरचा रंग खरवडला की खाली विटकरी डाग दिसतात. ते गंजासारखे न दिसता रंगकाम फसल्यासारखे दिसतात. त्यावर गडद करड्या रंगाचा एक हात देऊन मगच पुढे जावे.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. ही प्रतिकृती शोभेची वस्तू आहे आणि तिच्यामुळे कोणतेही संरक्षण मिळत नाही. पेंटबॉलच्या मैदानावर डोळ्यांचा आणि चेहऱ्याचा प्रमाणित मास्क तिच्याखाली घालावाच लागतो, आणि त्या मास्कच्या पारदर्शक काचेवर थिनर, स्प्रे किंवा रंग यांचा थेंबही पडू देऊ नये, कारण पॉलिकार्बोनेट त्याने कमकुवत होऊन आघाताच्या वेळी तडकते. याच कारणाने दुचाकीचे जुने हेल्मेट कापून-रंगवून मैदानात आणण्याचा प्रकार टाळावा, आणि रंगवलेली प्रतिकृती घालून स्कूटरवरून मैदानाकडे निघण्याचा मोहही आवरावा.

मूळ रंग आणि खरखर

दुकानातील शेड कार्डवर ऑलिव्ह ग्रीन म्हणून जो रंग दाखवतात, तो आपल्या सैन्याच्या गाड्यांच्या हिरव्याच्या जवळचा असतो. अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब त्यापेक्षा बराच मातकट आहे. तो मुळात पिवळी माती आणि काळा यांच्या मिश्रणातून बनत असे. म्हणून दुकानातील ऑलिव्ह ग्रीन घ्यायचाच असेल, तर त्यात यलो ऑकर आणि किंचित काळा मिसळून हिरवेपणा मारावा लागतो. छटा जुळवताना ओला रंग पाहून समाधान मानू नये. पत्र्याच्या तुकड्यावर एक हात द्यावा, पूर्ण वाळू द्यावा, आणि उन्हात व सावलीत अशा दोन्ही ठिकाणी पाहावा. सावलीत तपकिरी आणि उन्हात हिरवट दिसला तर रंग जमला असे समजावे. १९४० नंतरच्या जर्मन हेल्मेटसाठी हिरवट छटेचा गडद करडा, आणि उत्तर आफ्रिकेतील ब्रिटिश हेल्मेटसाठी हिरव्यावर ब्रशने फासलेला वाळूचा रंग योग्य ठरतो. माल्टा बेटावरील ब्रिटिश तुकड्यांनी तर तिथल्या दगडी बांधांचा नमुना हेल्मेटवर रंगवला होता. हात बसलेल्या माणसाने हा नमुना एकदा जरूर करून पाहावा.

रंग चमकता कामा नये, हे वेगळे सांगायला नको, पण केवळ मॅट रंगाने काम भागत नाही. खऱ्या हेल्मेटला खरखरीत पोत असे, आणि तो प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने साधला होता. ब्रिटिशांनी रंगात वाळू किंवा लाकडाचा भुसा वापरला, तर एम-१ वर बुचाचा चुरा वापरलेला असे. गोव्यात बाटल्यांच्या बुचांना तोटा नाही. बूच मात्र खरे हवे, प्लास्टिकचे नको. ते किसणीवर किसून जुन्या मिक्सरमध्ये फिरवावे आणि चहाच्या गाळणीतून चाळून घ्यावे. चुरा बारीक रव्याइतका असला की पुरे, त्याहून मोठा राहिला तर लहान आकाराच्या प्रतिकृतीवर तो ओबडधोबड दिसतो.

ही पायरी घाईने उरकू नये. कवच एका बादलीवर पालथे ठेवावे, मूळ रंगाचा थोडा जाडसर हात द्यावा, आणि रंग ओला असतानाच गाळणीतून चुरा वरून हळूहळू झटकत जावा. गाळणी एका जागी धरू नये, कारण एका जागी चुरा साचला की तिथे गोळा होतो आणि तो नंतर पोपड्यासकट निघतो. माथा झाल्यावर कवच तिरपे करून बाजू कराव्यात. उभ्या भागावर चुरा कमी चिकटतो, तिथे दुसऱ्यांदा हात द्यावा. एक दिवस वाळू देऊन मऊ ब्रशने सैल चुरा झाडून टाकावा आणि त्यावर अगदी पातळ असे दोन हात स्प्रेने द्यावेत. जाड हात दिला तर पोत बुडतो आणि सगळा खटाटोप वाया जातो.

स्प्रे करण्याची वेळही येथे जपावी लागते. पावसाळ्यात, आणि पावसाळा नसला तरी दमट संध्याकाळी, लॅकरवर पांढुरका धूसर थर चढतो; हवेतील ओल ओल्या रंगावर बसल्याने तो येतो आणि गडद हिरव्यावर फारच उठून दिसतो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले, आणि त्यातही दव उडून गेल्यावर व समुद्रावरचा वारा सुटण्यापूर्वी, म्हणजे साधारण दहा ते एकच्या दरम्यान, काम आटोपावे. स्प्रे उघड्यावर करावा आणि तोंडावर रंगकामाचा गाळणीचा मास्क असावा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने थिनरची वाफ अडत नाही.

चिन्हे

चिन्हांबाबत संयम बरा. एम-१ च्या मागच्या बाजूला अधिकाऱ्यासाठी पांढरी उभी पट्टी आणि हवालदार दर्जाच्या जवानासाठी आडवी पट्टी असे, आणि तेवढीही पुष्कळ वेळा पुरते. जर्मन हेल्मेटवरील तिरंगी ढाल १९४० मध्ये आणि गरुडाचे चिन्ह १९४३ मध्ये बंद झाले, त्यामुळे १९४४ च्या प्रसंगासाठी कोणतेही चिन्ह नसलेले हेल्मेट इतिहासाला धरून होते आणि स्वस्तिक डोक्यावर मिरवण्याचा प्रश्नही उरत नाही. वैद्यकीय जवानाचे हेल्मेट करताना रेड क्रॉस काढण्याचा मोह होतो. पण त्या चिन्हाचा विनापरवाना वापर आपल्याकडे जिनिव्हा करारांविषयीच्या १९६० च्या कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून ती भूमिका हातावरील पट्टी किंवा पिशवी अशा अन्य साधनांनी सुचवावी.

झीज कुठे होते

हेल्मेट वापरताना जिथे काही तरी घासते तिथेच ते झिजते, आणि हे एकदा मनात ठसले की उगाच सर्वत्र चांदीचे ठिपके मारण्याची सवय सुटते. जवान हेल्मेट काढतो तेव्हा बोटे पुढच्या काठाला लागतात, म्हणून तो काठ घासून गुळगुळीत आणि किंचित तकाकीचा होतो. खाली ठेवताना ते माथ्यावर किंवा काठावर टेकते, म्हणून तिथला रंग ठिकठिकाणी निघतो. एम-१ वर जवान बसत, त्याच्या कवचात पाणी घेऊन दाढी करत, त्यामुळे त्याच्या माथ्यावरचा पोत सपाट झालेला असतो. हनुवटीच्या पट्ट्याची कडी ज्या टप्प्यात हलते, तेवढ्या टप्प्यात कवचावर कमानदार ओरखडे उमटतात. याउलट कानांच्या वरचा भाग आणि मागची बाजू पुष्कळदा जवळजवळ नवीच राहते.

खरवडी काढण्यासाठी भांडी घासायच्या स्पंजाचा बोटभर तुकडा तोडावा, गडद तपकिरी रंगात टेकवावा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करावा आणि काठावर हलकेच टेकवत जावे. त्यातील मोठ्या डागांच्या मधोमध बारीक ब्रशने करडा धातूचा रंग भरावा, म्हणजे रंगाचा थर, त्याखालचा काळसर कडा आणि मधला पोलाद असे तिन्ही दिसतात. शुद्ध चांदीचा रंग वापरू नये. जुने पोलाद काळपट असते. हाताने घासून आलेली तकाकी दाखवायला ६बी पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटाने काठावर चोळणे पुरेसे होते, आणि माझ्या मते महागड्या धातुरंगांपेक्षा हा परिणाम अधिक खरा वाटतो.

एम-१ बाबत एक बारकावा आहे. सुरुवातीच्या हेल्मेटच्या काठाची पट्टी स्टेनलेस स्टीलची होती आणि तिच्यावर रंग टिकत नसे. म्हणूनच १९४४ च्या अखेरीस ती मँगनीज पोलादाची करण्यात आली. याचा अर्थ असा की १९४३ च्या हेल्मेटची पट्टी जिथे उघडी पडते तिथे ती उजळ आणि स्वच्छ दिसली पाहिजे, तिच्यावर गंज दाखवणे चूक. कवचाच्या उघड्या पोलादावर मात्र तपकिरी छटा चालते. गंज दाखवायचाच असेल तर पट्ट्याच्या कड्यांखाली आणि खिळ्यांभोवती, बर्न्ट सिएना व बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून, टिपकागदाने लगेच टिपून घेत, थोडासाच दाखवावा.

प्लास्टिक किंवा फायबरच्या कवचासाठी मिठाची पद्धत उत्तम आहे. खालचा करडा-तपकिरी थर वार्निशने बंद करून वाळल्यावर काठ पाण्याने ओला करावा, त्यावर मिठागरातील जाडे मीठ चिमटीने टाकावे, वाळू द्यावे, वरून ॲक्रिलिक हिरवा मारावा आणि शेवटी ओल्या ब्रशने मीठ काढावे. खाली अनियमित आकाराच्या खरवडी मिळतात, ज्या हाताने काढता येणे कठीण. पेडण्यातील आगरवाड्याचे मीठ यासाठी फार चांगले, कारण त्याचे खडे एकसारखे नसतात. पत्र्याच्या कवचावर मात्र मीठ कधीही वापरू नये, कारण कितीही धुतले तरी राहिलेला अंश रंगाखालून पत्रा खातो.

शेवटी रॉ अंबर आणि थोडा काळा तेलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कवचावर एक हात द्यावा आणि काही मिनिटांनी सुती कापडाने वरून खाली पुसून घ्यावा. खरखरीत पोताच्या खाचांत रंग राहतो, उंचवटे उजळ होतात, आणि नवा हिरवेपणा जातो.

धूळ आणि चिखल

गोव्यातील खेळगडी येथे हमखास फसतात. मैदानावर एकदा लोळण घेतली की हेल्मेटवर जांभ्याची तांबडी माती बसते आणि ती सहजासहजी निघत नाही. पुष्कळ जण तीच खरी झीज समजून वर वार्निश मारून टाकतात. मग नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकन जवानाच्या डोक्यावर डिचोलीच्या रस्त्यावरची धूळ दिसते. प्रत्येक आघाडीची माती वेगळी होती. मराठा लाइट इन्फंट्रीतील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या ज्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती इटलीत अप्पर टायबरच्या खोऱ्यात भर उन्हाळ्यात झाली, तेव्हा तिथल्या प्रसंगासाठी फिकट, कोरडी धूळ हवी. शिपाई नामदेव जाधव यांचा ९ एप्रिल १९४५ चा प्रसंग सेनिओ नदीच्या काठचा आहे, तिथे ओला नदीकाठचा चिखल लागतो. एकाच रेजिमेंटच्या, एकाच देशात लढलेल्या दोन जवानांची हेल्मेटे अशी वेगळी दिसली पाहिजेत.

फिकट धुळीसाठी खडूची पूड, थोडे यलो ऑकर आणि चिमूटभर रॉ अंबर अशी कोरडी भुकटी करावी, मऊ ब्रशने खाचांत आणि काठाच्या वरच्या अंगाला बसवावी, आणि दूरवरून मॅट वार्निशचा हलका फवारा मारून स्थिर करावी. जवळून फवारा मारला तर धूळ ओली होऊन नाहीशी होते. चिखलासाठी याच भुकटीत मॅट ॲक्रिलिक माध्यम मिसळून दाट लगदा करावा आणि जुन्या दातांच्या ब्रशने अंगठ्याच्या झटक्याने शिंतोडे उडवावेत. चिखल खालून उडतो आणि हात वरून लागतात, म्हणून शिंतोडे काठाच्या खालच्या अंगाला अधिक आणि माथ्यावर क्वचितच असावेत.

डिसेंबर १९६१ चा प्रसंग असेल तर मात्र आपल्या मातीला पर्याय नाही, आणि ती विकत घ्यावी लागत नाही. कच्च्या रस्त्याकडेची जांभ्याची माती आणून उन्हात वाळवावी, कुटावी, वस्त्रगाळ करावी. तिचा रंग थेट वापरला तर फार भडक वाटतो, कारण ताज्या खणलेल्या मातीपेक्षा रस्त्यावरची धूळ फिकट असते; तिच्यात एक चतुर्थांश खडूची पूड घालावी. ऋतूचेही भान ठेवावे. डिसेंबरात पाऊस नसतो, रस्ते कोरडे असतात, म्हणून दोडामार्गाकडून आलेल्या जवानाच्या हेल्मेटवर वाळलेली धूळ हवी, चिखलाचे गोळे नकोत. नदीच्या काठी उतरलेल्या जवानासाठी काठाच्या एका बाजूला खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीच्या) काळपट गाळाचा पट्टा दाखवला तर तो शोभतो.

जाळी, पट्टे आणि साठवण

जाळी घालायची असेल तर मासेमारीची नायलॉनची जाळी वापरू नये, ती चमकते. सुती जाळी मिळाली तर उत्तम, नाही तर सुती दोऱ्याची स्वतः विणावी. तिच्यात अडकवायच्या पट्ट्या गोणपाटाच्या कापाव्यात आणि हिरव्या व तपकिरी अशा दोन छटांत रंगवून, कडा विस्कटून, गाठ न मारता ओवाव्यात. जाळीखालचा रंग कमी झिजतो, म्हणून ती घालण्याचे आधीच ठरले असेल तर माथ्यावरच्या खरवडी कमी ठेवाव्यात. कापडी पट्टे नवे असतील तर काळ्या चहाच्या पाण्यात रात्रभर बुडवून उन्हात वाळवावेत; हनुवटीला लागणारा भाग घामाने अधिक गडद होतो, तेवढ्यावर तेलरंगाचे पातळ पाणी फिरवावे.

खेळानंतर हेल्मेट ओल्या कापडाने पुसून, आतले लायनर सोडवून सावलीत पूर्ण वाळवावे. पावसाळ्यात चामड्याच्या लायनरला आणि पट्ट्यांना बुरशी धरते, म्हणून जूनपूर्वी त्यांना मेणाचा हलका हात द्यावा आणि हेल्मेट प्लास्टिकच्या पिशवीत बंद न करता सुती कापडात गुंडाळून, भिंतीला न टेकवता, उंच फळीवर ठेवावे. पत्र्याच्या कवचाची आतली बाजू महिन्यातून एकदा पाहावी. गंजाचा ठिपका दिसला तर तो बारीक वॉटर पेपरने काढून त्याच दिवशी तिथे प्रायमर आणि रंगाचा टिपका द्यावा.